पोत्यातले गांडूळ आणि रानातले गांडवळ



जिल्हा मेळाव्यात पाण्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. भावावर बोलणारेही आहेत. मी गांडुळावर बोलणार आहे. हसू नका. शाळेच्या पुस्तकापासून ज्याला 'शेतकऱ्याचा मित्र' म्हणून आपल्या गळी उतरवले, त्याच मित्राच्या नावाने आपल्या खिशात हात घातला जातो आहे. आणि खरा मित्र आपल्याच रानात उपाशी मरतो आहे. हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. २००६ साली कृषीची पदवी खिशात घालून मी एका योजनेवर काम करत होतो. माणदेशातल्या गावागावांत जाऊन गांडूळखताचे प्रशिक्षण द्यायचे आणि पिशवीतून किलोवर गांडुळे वाटायची, हे माझे काम. आटपाडी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती गांडुळे खड्ड्यात न टाकता सरळ ज्वारीच्या रानात सोडली. चूक त्याची नव्हती. 'गांडूळ जमीन सुधारते' असे मीच सांगितले होते, मग त्याने ते जमिनीत सोडले. महिन्याभराने गेलो तर म्हातारा म्हणाला, "सायेब, तुमची जनावरं मेली. आता माझी बघा." बांधावरच्या लिंबाखाली त्याने कुदळीचे चार घाव घातले आणि वीतभर लांबीचे, राखाडी, तोंडाकडे जरा जांभळट असलेले गांडवळ तळहातावर ठेवले. "ह्याचं नाव काय?" त्याने विचारले.

मला नाव सांगता आले नाही. अकरावी-बारावीला फेरेटिमा नावाच्या गांडुळाची आतडी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या मी पाठ केल्या होत्या. लखनौच्या प्राध्यापक बहल यांनी १९२६ साली त्या एका गांडुळावर पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून देशभरच्या पोरांनी तेच एक गांडूळ पाठ केले. पण आपल्या बांधाखाली कोण राहतो, हे मला चार वर्षांच्या पदवीत कोणी शिकवले नव्हते.

गांडूळ एक नव्हे

आपण 'जनावर' म्हणतो तेव्हा खिलार बैल, म्हैस आणि शेळी एकाच दावणीला बांधत नाही. खिलार औताला, म्हैस दुधाला. पण गांडुळाचे नाव निघाले की सरकारपासून दुकानदारापर्यंत सगळे एकाच शब्दात मोकळे होतात. खरी गोष्ट अशी की जगात गांडुळांच्या पाच हजारांवर जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. एकट्या भारतात चारशेच्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य भारताबाहेर कुठेही सापडत नाहीत. ही माहिती काही काल-परवाची नाही. लाहोरच्या सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे जॉन स्टीफन्सन यांनी १९२३ सालीच हिंदुस्थानातल्या गांडुळांवर जाडजूड ग्रंथ काढला. पुढे १९८८ साली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने जुल्का यांचा ग्रंथ छापला, तो ऑक्टोकीटिडी या एकाच कुळावर. म्हणजे ज्ञान आहे. ते कलकत्त्याच्या कपाटात आहे, आपल्या बांधावर नाही.

जात ओळखायची कशी? वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर एक जाड पट्टा असतो. तो तोंडापासून कितव्या कड्यावर आहे हे मोजा. आपल्या रानात नेहमी भेटणाऱ्या गांडवळाचा पट्टा चौदाव्या कड्यापासून, म्हणजे तोंडाजवळच सुरू होतो आणि अंगाला अंगठीसारखा वेढा घालतो. पिशवीतून येणाऱ्या युरोपी गांडुळाचा पट्टा बराच मागे, चोविसाव्या कड्याच्या पुढेमागे सुरू होतो आणि पाठीवर खोगिरासारखा बसतो. दुसरी खूण अंगावरच्या बारीक काट्यांची. काही कुळांत प्रत्येक कड्यावर फक्त आठ काटे असतात, तर काहींत सगळ्या कड्याभोवती काट्यांची रांग असते. बोटाला ती खरबरीत लागते. नक्की जात ठरवायला शास्त्रज्ञ गांडूळ कापून आतली इंद्रिये बघतात, आता डीएनएही तपासतात. पण आपला कोण आणि परका कोण, एवढे तर आपल्या दहावीच्या पोरीला हातातल्या भिंगाने कळेल.

कोण कुठला?

पिशवीत विकला जातो तो लालसर, पट्ट्यापट्ट्यांचा आयसेनिया फेटिडा. हा मूळचा युरोपचा, थंड हवेतला, शेणाच्या ढिगातला. दुसरा यूड्रिलस युजेनी. हा अंगाने मोठा, जांभळट लाल, मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या दमट मुलखाचा. दोघेही कुजणारा माल झपाट्याने खातात, झपाट्याने वाढतात. त्यांचा गुण तेवढा मान्य. पण आयसेनियाला कायम ओल लागते आणि पस्तीस अंशांच्या वर तो टिकाव धरत नाही. आटपाडीचा चैत्र-वैशाख त्याला कोणी सांगितला होता?

आता आपले बघा. दख्खनच्या कोरड्या रानात सर्वांत जास्त भेटणाऱ्या गांडुळांपैकी एक म्हणजे लॅम्पिटो मॉरिटी. म्हाताऱ्याने तळहातावर ठेवला तो हाच असावा, असे आज त्याचा रंग आणि लांबी आठवून मी म्हणतो. याच्या नावाची गंमत ऐका. १८६० च्या दशकात किनबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने त्याचे बारसे केले, तेव्हा हातात आलेला नमुना मॉरिशसचा होता. म्हणून नाव 'मॉरिटी'. पण मूळ घर आपला दक्षिण भारतच. रोपांच्या आणि कुंड्यांच्या मातीबरोबर तो जहाजाने समुद्रापार गेला. १८३४ नंतर आपली गरीब माणसेही मजूर म्हणून त्याच मॉरिशसच्या उसात गेली. माणूस आपला, नाव मुकादमाच्या वहीतले. गांडवळ आपले, नाव परक्या बेटाचे.

दुसरे कुळ ऑक्टोकीटोना आणि त्याच्या भावकीचे, हे दख्खनच्या मातीत जुने. तिसरे ड्रॅविडा. त्याचे नावच द्रविड देशावरून पडले. त्याचा पट्टा इतका पातळ की दिसता दिसत नाही. आणि आपल्या सह्याद्रीत तर खजिना आहे. तिथल्या काही जाती एकेका डोंगररांगेपुरत्याच आहेत. फेडार्ब यांनी १८९८ साली एका जातीला मेगास्कोलेक्स कोकणेन्सिस असे कोकणचेच नाव दिले.

हे वाटप असे का? पाऊस, माती आणि काळ. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे पाचशे गाठेल की नाही याची दरवर्षी चिंता. एक दिवसाच्या एसटीच्या प्रवासात दहापट फरक! डोंगरातले ओलाव्यातले गांडूळ माणदेशात जगणार नाही. इथे तोच टिकला ज्याला दुष्काळ पचवता येतो. लॅम्पिटो पावसाळा संपला की खोल जातो, अंगाची गाठ मारून पडून राहतो आणि पुढच्या ओलीची वाट बघतो. माणदेशी माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपणही तेच करत आलो.

आपल्याला खत हवे की बीळ?

आता मुद्द्यावर येतो. फ्रान्सचे बूशे यांनी १९७० च्या दशकात गांडुळांचे धंद्यावरून तीन गट पाडले. पहिला वरचा: पालापाचोळ्यात आणि शेणात राहणारा, जमिनीत बीळ न करणारा. दुसरा मधला: माती खाणारा, आडवी बिळे पाडणारा. तिसरा खोलचा: उभे बीळ पाडून खाली राहणारा, रात्री वर येऊन पाचोळा ओढून नेणारा. आयसेनिया आणि यूड्रिलस हे पहिल्या गटातले. लॅम्पिटो, ऑक्टोकीटोना हे मातीतले, बीळ पाडणारे.

कोरडवाहू शेतकऱ्याला यांतला कोण हवा? आपला पाऊस उत्तरा-हस्ताच्या चार सरींत पडतो आणि तासाभरात ओढ्याला लागतो. जो पाऊस जमिनीत मुरला त्याच्यावरच मालदांडीचे कणीस भरते. तो मुरवायला पृष्ठभागापासून खाली जाणारी वाट लागते. ती वाट मातीतले गांडवळ फुकट करून देते. खतही तेच वर आणून टाकते. डार्विनने १८८१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात इंग्लंडच्या कुरणांचा हिशेब दिला आहे: गांडुळे एकरी दहा टनांच्या वर माती पोटातून काढून वर आणतात. आपला मुलूख कोरडा आहे, इतके इथे होणार नाही. त्याच्या चौथा हिस्सा झाले तरी ते कुठल्या दुकानात विकत मिळते?

म्हणून म्हणतो, आपल्याला विहीर खणणारा हवा होता आणि योजनेने आचारी पाठवला. आचारी वाईट नाही. घरामागच्या खड्ड्यात, सावलीत, ओल राखून गांडूळखत जरूर करा, ते चांगले खत आहे. पण त्यासाठीही परका विकत घ्यायची गरज नाही. शेणाच्या ढिगात राहणारा पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हा आपल्याकडचाच आहे. जुन्या ओलसर उकिरड्याच्या तळाशी बघा. चेन्नईत सुलतान इस्माईल यांनी पेरिओनिक्स आणि लॅम्पिटो या देशी जोडीवरच आपली पद्धत उभी केली. करायचे ठरवले तर होते. मात्र देशी गांडवळ उकिरड्यात फुकट मिळते आणि फुकटच्या वस्तूचे बिल निघत नाही, अडचण एवढीच आहे.

बिलाचाच हिशेब करू. एकरात ४३,५६० चौरस फूट. भाद्रपदात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. त्यात एकच गांडवळ निघाले, तर एकरात ४३,५६० झाली. वजन एक ग्रॅम धरले तरी ४३ किलो जनावर तुमच्या रानात बिनपगारी राबते आहे. आणि आम्ही तुम्हाला पिशवीतून किलो-दोन किलो विकत होतो! खड्ड्यात एकही निघाले नाही, तर प्रश्न वेगळा. पण मग जे रान घरच्या गांडवळाला जगवू शकले नाही, ते विकतचे कसे जगवेल?

मग आपले मेले कशाने?

काही पाप दुसऱ्यांचे, काही आपले. दोन्ही सांगतो.

पहिले, उपासमार. पूर्वी दाराशी खिलारे होती, उकिरडा भरत होता. धनगराची मेंढरे रानात बसवायला धान्य द्यावे लागे आणि ते आपण आनंदाने देत होतो. १९७२ चा दुष्काळ, नंतरचे दुष्काळ, २०१२-१३ च्या आणि २०१९ च्या चारा छावण्या, यांनी दावण रिकामी केली. उरलेली ट्रॅक्टरने केली. शेणखत गेले, लेंडीखत गेले. राहिली होती ती धसकटे. ती आपण वेचून पेटवतो. कपाशीच्या पऱ्हाट्याही पेटवतो. गांडवळाने खायचे काय, राख?

दुसरे, घरावर नांगर. उन्हाळ्यात पलटी नांगर आणि पेरणीआधी रोटाव्हेटर. एक गाठ मारून निजलेल्याला उन्हात काढतो, दुसरा जागे झालेल्याचे तुकडे करतो. तुकड्याची दोन गांडुळे होतात ही थाप आहे. शेपटीकडच्या तुकड्याचे गांडूळ होत नाही.

तिसरे, विष. थिमेट, म्हणजे फोरेट, आपण मुठीने फेकत आलो. ते गांडुळाला जहाल आहे. २०२० च्या अखेरीस देशात त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर कितीतरी वर्षे तेच दाणेदार विष 'जमिनीला द्या' म्हणून सांगितले जात होते. सांगणारे माझ्यासारखेच पदवीधर होते. कपाशीच्या बियाण्याला चोळून येणारे इमिडाक्लोप्रिड हेही गांडुळाला फार घातक. आणि डाळिंब! तेल्याच्या भीतीने मोरचुदाची फवारणीवर फवारणी. मोरचुदातले तांबे मातीत मुरते, विरघळून जात नाही, वर्षानुवर्षे साठते. युरोपातल्या फळबागांत तांब्याने गांडुळे संपल्याचे तिकडच्या शास्त्रज्ञांनी कधीच लिहून ठेवले आहे. डाळिंबाच्या आळ्यात ठिबकची ओल आहे, सावली आहे, तरी गांडवळ नाही. का नाही, याचे उत्तर आळ्यातच आहे.

पाणी आले, माती राहील का?

१९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांना एका मांडवाखाली आणले. टेंभू योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली, पण कृष्णेचे पाणी या माळावर यायला पुढे किती वर्षे, किती मोर्चे लागले ते तुम्हाला माहीत आहे. उचलून आणलेल्या पाण्याच्या थेंबाथेंबाला विजेचे बिल आहे. असे महाग पाणी ज्या मातीवर सोडायचे, ती विटेसारखी घट्ट झाली असेल तर पाणी वरून वाहील, तळात क्षार साठतील, आणि दहा वर्षांनी आपण पुन्हा मोर्चा काढू. समन्यायी पाणीवाटपाची भाषा आपण महाराष्ट्राला शिकवली. पाणी धरणाऱ्या मातीची भाषा आता शिकली पाहिजे.

आणि सरकारची वही काय म्हणते? २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते. तीत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. बारा रकान्यांत जिवंत एकही नाही. नाव मात्र 'आरोग्य'! माणसाच्या तपासणीत हाडातला चुना मोजून नाडी बघायची विसरावी, तसला हा प्रकार. सेंद्रिय कर्ब मोजता ते ठीक, पण तो कर्ब खाऊन मातीला आकार देणारा आहे की मेला, ते कोण बघणार?

दुसरी वही ग्रामपंचायतीत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही व्हायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती. ती वही मागा. उघडून बघा. गांडूळ हा शब्द तीत आहे का? असला तर पुढे जातीचे नाव आहे का? आपला आटपाडी मुलूख औंध संस्थानात होता. त्या संस्थानाने १९३९ साली गावाचा कारभार गावाच्या हाती दिला. तेव्हाच्या आपल्या आज्यापणज्यांना कारभार झेपला, तर आपल्याला एक वही झेपणार नाही?

विरोधक म्हणतील, नावाने काय होते? खूप होते. ज्याला नाव नाही त्याची भरपाई नाही, त्याच्यासाठी योजना नाही, तो मेला तर पंचनामा नाही. कुळाचे नाव सात-बाऱ्यावर चढवायला आपल्या बापजाद्यांनी लढे दिले ते काय हौस म्हणून?

तेव्हा या मेळाव्यापुढे मी पाच गोष्टी ठेवतो. पहिल्या तीन आपण करायच्या, पुढच्या दोन मागायच्या.

१. येत्या भाद्रपदात, रान ओले असताना, प्रत्येक गावाने चार ठिकाणी एक फुटाचे खड्डे घ्यावेत: ज्वारीचे रान, कपाशीचे रान, डाळिंबाचे आळे आणि न नांगरलेला बांध. माती पोत्यावर पसरून हाताने निवडावी, गांडवळे मोजून वहीत लिहावीत आणि परत सोडावीत. खोल गेलेली वर काढायची तर मोहरीची पूड पाण्यात कालवून खड्ड्याच्या तळाशी ओतावी. ती वर येतात. शास्त्रज्ञही हीच युक्ती वापरतात. वर आलेली साध्या पाण्याने धुऊन मगच सोडावीत.

२. धसकटे आणि पऱ्हाट्या पेटवणे बंद. पऱ्हाट्या बारीक करून रानातच पसराव्यात. बांधावर गिरीपुष्प लावावे, पाला रानात टाकावा. मेंढरे बसवण्याचा जुना व्यवहार धनगर बांधवांशी मानाने पुन्हा सुरू करावा.

३. प्रत्येकाने एकरातला एक पट्टा तीन वर्षे पलटी नांगर, रोटाव्हेटर आणि दाणेदार विषाशिवाय ठेवावा. शेजारच्या पट्ट्याशी तुलना स्वतः करावी. माझ्यावर विश्वास ठेवू नका, खड्ड्यावर ठेवा.

४. तालुक्यातल्या गांडुळांची जातवार यादी करून ती मराठीत, चित्रांसह प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावी. झूलॉजिकल सर्व्हेचे केंद्र पुण्यात आहे, कृषी विद्यापीठ राहुरीला आहे. माणसे आहेत, पगार आहेत. आटपाडी फार लांब नाही.

५. जमीन आरोग्य पत्रिकेत तेरावा रकाना हवा: एक फूट खड्ड्यात गांडुळे किती. आणि गांडूळखताच्या अनुदानात परक्या गांडुळाची खरेदी ही अट नसावी.

तो म्हातारा आता नाही. त्याच्या बांधावरचा लिंब आहे. गेल्या भाद्रपदात मी तिथे खड्डा घेतला. सात निघाली. दहा पावलांवरच्या डाळिंबाच्या आळ्यात एकही नव्हते. हे दोन आकडे मी वहीत लिहून मेळाव्याला आणले आहेत. तुम्ही तुमचे आणा.